बाबांनी फिरवलेली चावी

मंगळवार, कारापूर

डोकं अजून तापलेलंच आहे. पुराचं पाणी व्हॅनमध्ये सीटपर्यंत चढलं होतं. वायरिंग सुकेपर्यंत चावी फिरवायची नाही, असं मेकॅनिकने बजावलं होतं. सकाळभर मी सीट खोलून चिखल खरवडला. जेवायला घरात गेलो, तेवढ्यात बाबांनी चावी फिरवली! धूर, जळका वास, आणि हॉर्न थांबेचना. शेवटी बॅटरीची वायर उपटली.

"नुसता बघी होतंय, चालू होता काय," म्हणे. बघायला चावी कशाला लागते? तो हॉर्न अजून कानात वाजतोय.

उद्या शेजारच्या शांताकाकींना डायलिसिससाठी म्हापशाला न्यायचंय. आता गाडी कुठून आणू? बाबांना नको नको ते बोललो.

संध्याकाळी त्यांनी मांद्र्याला काकांना फोन लावला. काकांची टॅक्सी आहे, पण जमिनीच्या वाटणीवरून दोघा भावांचं बोलणं मी शाळेत असल्यापासून बंद.

"माजी चूक झाली रे," बाबा म्हणाले. "फाल्या सकाळी गाडी घेवन ये. शांताक न्हेवचा आसा."

काका उद्या सकाळी येतायत. बाबा आता आईला विचारतायत, "तो चायत साखर घेता काय गो अजून?"