दोन-सहाचं माप

सलाला (ओमान), शनिवार, १० फेब्रुवारी २००७

कालच्या पानावर मी चूक लिहिलं आहे. 'उम्म सालिमला बांगड्या हव्या होत्या, पण तिच्या मापाच्या नव्हत्या' — हे खोटं आहे. माप होतं. दोन-सहा. पिशवीत हिरव्या दोन डझन होत्या. वरच होत्या!

खोडत नाही. अब्बांनी मला दुकानाच्या गादीवर बसवून अक्षरं शिकवली तेव्हाच सांगितलं होतं — लिहिलेलं खोडायचं नाही, चुकलं तर खाली खरं लिहायचं. चौथीपर्यंत मी शाळा पाहिलीच नाही. अचलपूरचं आमचं बांगड्यांचं दुकान हीच शाळा. मराठी आधी, कारण गिऱ्हाईक मराठी. उर्दू नंतर, अम्मीकडे. तर आता खाली खरं.

बिल्कीसभाभीचं बाळ बारा दिवसांचं झालं. त्याला आणि तिला रोज धुरी द्यायला लोबान लागतो. माझा भाऊ इमादभाई बंदरावर कामाला जाताना मला बाजाराच्या तोंडाशी सोडतो. येताना मी चालत येते. अम्मी बाळाजवळ असते. समुद्राला लागूनच बाजार, आणि त्यात लोबान विकणाऱ्या बायकांची अख्खी एक ओळ. सगळ्या काळ्या कपड्यांत, फक्त डोळे दिसतात. समोर मातीची धुपाटणी रचलेली.

इतके दिलदार दुकानदार मी कधी पाहिले नव्हते. कोपऱ्यावर केरळचा मोइदू शहाळी विकतो. 'पहले पियो, बाद में पूछो' म्हणतो आणि भाव विचारायच्या आत फोडतो. उम्म सालिम — म्हणजे सालिमची आई, इथे बायकांना अशीच हाक मारतात — तिने पहिल्याच दिवशी मला स्टुलावर बसवलं. खजूर दिला, एवढ्याशा कपात कडू कॉफी दिली. कप रिकामा झाला की ती भरायची. नको कसं म्हणावं, वाईट दिसेल, म्हणून मी सात कप प्याले! शेवटी तीच दमली. 'बस करना है तो कप हिलाओ, बेटी! मेरा दुकान खाली करेगी क्या?' शेजारच्या सगळ्या हसल्या. हिंदी इथल्या दुकानदारांना येते, मोडकीतोडकी. त्यांची निम्मी गिऱ्हाईकं आपल्याकडचीच.

काल तिने माझं मनगट धरलं. बांगड्या खाली-वर करून पाहिल्या. म्हणाली, 'ये मेरे को डालो.' अब्बांनी भाभीसाठी आणि ओळखीपाळखीत द्यायला दिलेली पिशवी माझ्याजवळच होती. मी तिचा हात हातात घेतला. आणि तोंडातून निघालं — 'शौहर हैं?'

'मर गया. आठ साल.'

मी तिचा हात ठेवून दिला. म्हटलं, 'माप खतम हो गया.'

आमच्या धंद्याची ही रीत आहे. हात धरण्याआधी कपाळ आणि गळा पाहायचा. विधवा असेल तर नाही म्हणायचं नाही, तिला कमीपणा आणायचा नाही. माप संपलं म्हणायचं. दादाजान म्हणायचे, अब्बा म्हणतात, मीही दहा वर्षांची असल्यापासून म्हणते. तिथे कपाळ दिसत नव्हतं, म्हणून विचारलं. परक्या देशात, परक्या बाईला!

तोंडाला सवय असते हे समजू शकते. पण घरी येऊन वहीतही तेच लिहिलं! ही वही कोण वाचतं? मी कुणाशी खोटं बोलत होते?

ती फक्त 'अच्छा' म्हणाली आणि कॉफी ओतली. तिलाही पिशवी दिसत होती. ती स्वतः दुकानदार आहे.


रविवार, ११ फेब्रुवारी

बाजारात गेले नाही. भाभीला सांगितलं, पाय दुखतो. हेही खोटं.


मंगळवार, १३ फेब्रुवारी

गेले. लोबान संपला, जावंच लागलं.

मोइदूने विचारलं, 'दो दिन कहाँ था? नारियल से झगड़ा?' हसू आलं, म्हणून थोडा धीर आला. उम्म सालिमसमोर उभी राहिले आणि पाठ केल्यासारखं सगळं एका दमात सांगितलं. माप होतं, मी खोटं बोलले, आमच्याकडे नवरा नसलेल्या बाईला आम्ही बांगड्या भरत नाही, मला माफ करा.

तिला कळलं की नाही, मला कळेना. मग तिने शेजारच्या दुकानाकडे वळून मोठ्याने काहीतरी अरबीत सांगितलं आणि ओळीतल्या सगळ्या बायका हसायला लागल्या. माझे कान तापले. तेवढ्यात तीच हिंदीत म्हणाली, 'मैं बोली, ये लड़की मेरे मरद से डरती है! मैं जिंदे से नहीं डरी!'

मग हात पुढे केला. 'मर गया तो वो मर गया. मेरा हाथ साथ ले गया क्या?'

मी पिशवी उघडली.

मी भरल्या. हात जाड, कामाचा. साबण नव्हता, तिने खोबरेल तेल दिलं. अंगठ्याच्या मुळाशी दाबून तळवा लहान करायचा, बाईला बोलण्यात गुंतवायचं आणि ती बोलत असतानाच सरकवायची. पाचवी पिचली. ती घाबरली, 'मैं पैसा देगी!' मी म्हटलं, भरताना पिचलेली बांगडी दुकानदाराची, गिऱ्हाईकाची नाही. हे तिला फार आवडलं. तेही तिने ओरडून ओळीभर सांगितलं. मग आणखी तीन हात पुढे आले. कुणाचा नवरा आहे, कुणाचा नाही — मी विचारलं नाही. पिशवी रिकामी झाली.

निघताना म्हणाली, 'तेरे गाँव में मेरे जैसी आई, तो? फिर माप खतम?'

मी कप हलवला आणि उठले.

तिला सांगितलं नाही, पण इथे लिहायला हवं. तशी आली होती. तारा. पाचवीत मी थेट शाळेत गेले तेव्हा तिने मला बाकावर जागा दिली, दहावीपर्यंत आम्ही एकाच बाकावर. तिला दर्यापूरकडच्या गावात दिली होती. दोन वर्षांपूर्वी कपाशीच्या दिवसांत तिचा नवरा गेला. कसा गेला, हे त्या वर्षी कुणी कुणाला विचारत नव्हतं. आता ती आईकडे आहे, आमच्या मागच्या गल्लीत. मी इकडे निघायच्या आठवड्यात दुकानात आली. हात पुढे करून म्हणाली, 'सहा भर. हात कसा हलका हलका वाटून राह्यला.' अब्बा आत होते. मी म्हटलं, 'तारा, माप संपलं गं.'

लहानपणी ती तासन्‌तास आमच्या दुकानात बसायची. त्या शब्दांचा अर्थ तिला माझ्याइतकाच माहीत आहे. ती म्हणाली, 'बरं. आलं का सांगजो.'


गुरुवार, २२ फेब्रुवारी

उद्या निघायचं. मस्कत, मुंबई, मग बडनेऱ्यापर्यंत रेल्वे. मोइदूने शहाळं फुकट दिलं. मी हट्टाने पैसे ठेवले, तर त्याने ते कागदात गुंडाळून बाळासाठी परत दिले. 'बच्चे का है, तुम बीच में मत आओ.' उम्म सालिमने लोबानाची पुडी दिली. तिच्या हातातल्या सगळ्या हिरव्या शाबूत आहेत. वाजवून दाखवल्या.

महिनाभर समुद्राजवळ राहिले. जन्मात पहिल्यांदा पाहिला. त्याच्याबद्दल या वहीत एक ओळ नाही.


अचलपूर, सोमवार, ५ मार्च

दुकानात बसले. दिवसभरात तीन बायका. त्यातल्या दोघी उन्हातून टेकायला. तिसरीने डझनाऐवजी सहा घेतल्या आणि 'दुसऱ्या हातात जुन्याच राहू द्या' म्हणाली. अब्बा म्हणतात, सोयाबीन निघालं, कापूस निघाला, लग्नं तेवढी निघेनात. खेड्यापाड्यांतून नवरीला घेऊन येणाऱ्या आयांवर आमचं वर्ष चालतं. ज्यांच्या घरी ठरलं होतं त्यांनीही पुढे ढकललं.

तारा समोरून गेली. मी खाली पाहिलं. मग तिने पाहिलं की नाही, हे बघायला वर पाहिलं. ती गेली होती.


शुक्रवार, ९ मार्च

ताराच्या घरी गेले. तिची आई गंगूबाई डाळ पाखडत होत्या. 'आली का वं दर्याची हवा खाऊन? काळी पडली!' म्हणाल्या. तारा मला मागच्या अंगणात घेऊन गेली. मी म्हटलं, 'माप आलंय.'

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग, 'पेटी आणली का?'

'संध्याकाळी आणते. इथेच भरू. कुणाला दिसणार नाही.'

'घरी भराच्या असत्या तं मी सोताच नसत्या घातल्या का?' ती चिडली नव्हती. समजावत होती, गणित समजावायची तशी. 'मले दुकानात भर. गादीवर. बाकीच्या बायांले भरते तशी. नाही तं राहू दे, तहरीम. मी काही रुसत नाही.'

मग उम्म सालिमचं सांगितलं. 'हाथ साथ ले गया क्या' ऐकून तारा इतकी हसली की गंगूबाई सूप घेऊन मागे आल्या. 'काहून खिदळून राह्यल्या वं दोघी?' तारा म्हणाली, 'काही नाही माय, तिकडल्या एका दुकानदारणीची गोष्ट.' त्या बघतच राहिल्या. घरात तिचं हसणं फार दिवसांनी ऐकू आलं असावं. मला तसं वाटलं. विचारलं नाही.


शनिवार, १० मार्च

अब्बांना विचारलं. सगळं सांगून विचारलं, काही लपवलं नाही.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं. म्हणाले, 'बेटा, मेरे दिल का पूछेगी तो भर दे. दुकान का पूछेगी तो मत भर.' मग म्हणाले, 'दुल्हन की माँ ने देखा, तो वो अपनी बेटी उसी गद्दी पे बिठाएगी? रास्ते के उस पार दूसरी दुकान है. बोलेगी कुछ नहीं, बस उधर चली जाएगी.'

मी म्हटलं, आपण तिच्याशी खोटं बोलतो.

'इज्जत से बोलते हैं. तेरे दादा ने किसी बेवा को दुकान से रुला के नहीं भेजा.'

हे खरं आहे. रडून कुणीच गेलं नाही. तारासुद्धा 'बरं' म्हणून गेली. अब्बांची चूक कुठे आहे ते मला दाखवता येत नाही, आणि मी बरोबर आहे असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. दुकान एकट्या माझं नाही. ताराचा हात मात्र एकट्या ताराचा आहे. इथवर येते आणि अडते.


गुरुवार, १५ मार्च

बाजाराचा दिवस. एक नवरी आली, अंजनगावकडची. आई, मावशी, काकू सगळ्या बरोबर. मी दोन्ही हात भरले, एकही पिचली नाही. अब्बा खूश. त्यांचा चेहरा पाहून वाटलं, त्यांचंच बरोबर. संध्याकाळपर्यंत तसं वाटत राहिलं.


सोमवार, १९ मार्च

काही केलं नाही. पेटीतल्या दोन-सहा काढून पुसल्या आणि परत ठेवल्या.


शुक्रवार, २३ मार्च

अब्बांनी जेवताना सांगितलं — दुकान ३१ तारखेला बंद. गाळा मोबाईलवाल्याला दिला. अम्मीला माहीत होतं, फक्त मलाच नव्हतं. 'इमाद बुला रहा है कब से,' एवढंच म्हणाले आणि भाकरीचा तुकडा हातातच धरून बसले.

पहिला विचार काय आला ते लिहिते, लाज वाटली तरी. सुटले! आठ दिवस थांबलं की झालं. मग तुटायला गिऱ्हाईकच नाही. ताराला खुशाल भरता येतील.

पण एक एप्रिलला ती गादीच नसेल.

शेवटचा बाजार २९चा. उरलेला माल निघाला तर त्याच दिवशी निघेल, खेड्यांवरच्या सगळ्या बाया त्या दिवशी येतील. उद्या सकाळी अब्बांना सांगणार आहे. विचारणार नाही, सांगणार. मग ताराकडे जाऊन गादीवर भरायची वेळ देणार:

गुरुवार, २९ मार्च, सकाळी अकरा.