वीस इंचांची खुर्ची

४ मार्च

हृदयाची झडप बदलायची. दहा एप्रिलला. छाती उघडणार, मग तीन महिने काही उचलायचं नाही — पाण्याची बादलीसुद्धा! चाळीस वर्षं सुतारकाम केलं, मी काही मरत नाही एवढ्याने. पण हिला कोण उचलणार? दोन वर्षांपूर्वी हिचं खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण ही उभी राहायला घाबरते. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर — मी आहे ना! तुझ्या बहिणीकडे जाऊन राहा म्हटलं तर तोंड फिरवलं.

६ मार्च

डॉक्टरांनी पाठवलेल्या व्यायामाच्या बाई घरी आल्या. वयाने पोरगी, आवाज मास्तरणीचा! "काका, ऑपरेशननंतर अंथरुणात स्नायू झपाट्याने झडतात. आत्ताच कमवून ठेवा." हात कुठेही न टेकता, छातीशी घेऊन खुर्चीतून उठायचं, बसायचं. दहा वेळा. दम लागला की थांबायचं, छातीत दुखलं तर सरळ डॉक्टरांना फोन. शिवाय सकाळी फेरी, रोज अंडी आणि दूध.

"एवढंच?" म्हटलं. सहाव्याला मांड्या लटपटल्या. ही पलंगावरून मोजत होती, मुद्दाम मोठ्याने.

आणि हिला उचलणं आत्तापासूनच बंद करा म्हणाल्या. ऐकतोय कोण!

१४ मार्च

दहा जमले! बाई म्हणाल्या, आता जरा बुटकी खुर्ची घ्या. घ्यायची कशाला? करवत आहे की! वीस इंचांची होती, चारही पायांचे दोन-दोन इंच उडवले. ही म्हणाली, "जित्याची खोड —" आणि जीभ चावली. मला इतकं हसू आलं की खोकला लागला.

१५ मार्च

अठरा इंच. चारच जमले. खुर्ची हरामखोर आहे.

२० मार्च

कापलेले चार तुकडे बाईंनी मागून नेले. कशाला? नुसत्या हसल्या. असेल घरी पोर खेळायला.

२२ मार्च

"एकटेच अंडी खाता? मलाही द्या." हिला अंड्याचा वासही खपायचा नाही. म्हातारपणी चव बदलते म्हणतात!

३ एप्रिल

अठरा इंचांवर बारा! डॉक्टर म्हणाले, "छान तयारी आहे." ताठ मानेने घरी आलो.

हिला उचलून बसवलं. म्हणाली, "तुम्हाला दम लागतो. ऐकू येतो मला." म्हटलं, छे! पण लागतो. घाबरलोय मी, माझ्यासाठी नाही.

८ एप्रिल

शेवटच्या तपासण्या करून आलो. ही खिडकीपाशी. उभी!

मागे शेजाऱ्यांची जुनी खुर्ची. खुर्चीच्या पायांखाली माझेच चार तुकडे — ठोकलेत अगदी गचाळ. शेजारी बाई, गालातल्या गालात हसत.

"तुम्ही फेरीला गेलात की आमचा वर्ग; तुम्ही यायच्या आत खुर्ची परत शेजारी," ही म्हणाली. "खुर्ची उंच असली की उठता येतं. मी हात टेकून उठते हं! मला कुठे मनाई आहे?"

मला रडू कोसळलं. "आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर म्हणाला असतात — मी आहे ना."

९ एप्रिल

भरती व्हायला निघालो. ही दारापर्यंत सोडायला आली. भिंत धरून, सात पावलं. मी उचलत होतो म्हणूनच ही उठत नव्हती. परत आल्यावर हिला उचलायचं नाही — तीन महिने झाल्यावरही नाही.