मेतकुटाचा वानवळा

आई, तुझ्या मेतकुटाच्या जोरावर मी इथे शिकागोजवळ नेपरव्हिलला दुकान काढलं, हे तुला कळायचं राहूनच गेलं. तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली, दुकानाला जेमतेम दोन. नोकरी गेली तेव्हा साठवलेलं सगळं त्यात घातलं, आणि आता ते बुडतंय. जागेचा मालक शुक्रवारी विचारणार आहे, दुकान पुढे ठेवायचं की नाही. दुपारभर दार उघडत नाही. मी पुसलेलेच डबे पुन्हा पुसते. खरंच घाबरलेय गं.

खर्च कमी करायला बसले तेव्हा आधी काय कापलं, माहितीय? जाहिरात, आणि काउंटरवरची चव बघायची ताटली. तुझी नात म्हणाली, "आई, यू कट द राँग थिंग. दॅट वॉज द इन्व्हेस्टमेंट." मी खेकसले, "फुकट खाऊन कोण परत येतं?" आणि लगेच आठवलं, हेच वाक्य मी कधीतरी तुला ऐकवलं होतं. तू ओट्यापाशी उभी आहेस, मेतकूट चाळतेयस, आणि विकायच्या पुड्या बांधायच्या आधी शेजारच्या बारा घरांचा वानवळा काढून ठेवतेयस. दहा वर्षांची मी फणकारते. तू चाळण आपटलीस. "न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, बाई. जिभेला कळल्याशिवाय पाय आपल्या दाराकडे वळतील कसे?" मला तो खर्च वाटायचा, तू मात्र हात झटकून "आजचं पेरून झालं" म्हणायचीस.

आत्ता स्टेशनच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसून लिहितेय. बाहेर बर्फ, शेजारच्या सीटवर मेतकुटाच्या तीस पुड्या, प्रत्येकीवर दुकानाचा पत्ता. शिकागोहून कामावरून परतणाऱ्यांना वाटायच्या आहेत. एक ट्रेन येऊन गेली. मी गाडीतून उतरले नाही.

एक सांगायचं राहिलंय. पहिल्यांदा अमेरिकेला निघाले तेव्हा तू बॅगेत पुड्या कोंबल्यास, "नव्या शेजाऱ्यांना वानवळा दे" म्हणालीस. मी फोनवर सांगितलं, सगळ्यांना फार आवडलं. कोण काय म्हणालं ते तू पुन्हा पुन्हा विचारत होतीस, आणि मी रचून सांगत होते. आई, मी एकही पुडी दिली नव्हती. लाज वाटली होती. दुसरी ट्रेन आलीय, लोक उतरतायत, आणि मला अजून तितकीच लाज वाटतेय.