शिशाची छावणी

बाबा, तुमचं काचेचं कपाट मी यंदा श्रावणात उघडलं. आपल्या श्रावणात, इथला लखनौचा सावन तोवर अर्धा उलटून गेला होता. इंदिरा नगरच्या घराच्या त्या भिंतीला ओल आली आहे. रंगारी म्हणाला, "दीदी, अलमारी खिसकानी पड़ेगी," आणि भरलेलं कपाट कुणाच्याने हलणार नव्हतं. तुम्ही गेल्यापासून मी काच फक्त बाहेरून पुसत आले. आत धूळ जाऊ नये म्हणून तुम्ही सुताराकडून दारांना आतून रबराची पट्टी बसवून घेतली होती, आणि धूळ खरंच गेली नव्हती. पानिपतावरची तुमची सगळी मराठी फौज, बोटाच्या पेराएवढी एकेक माणसं, तुम्ही मांडली होती तशीच उभी होती. मी पुढचा एक घोडेस्वार उचलला, तर घोड्याचे पाय खालीच राहिले. उचललेल्या पोटातून पांढरी भुकटी सांडली, बोरिक पावडरीसारखी. वरचा रंग शाबूत होता, खोगिराची तुम्ही काढलेली लाल किनारसुद्धा. आत शिसं उरलं नव्हतं.

असे सैनिक जमवणाऱ्या आणि रंगवणाऱ्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. तिथे फोटो टाकला, तर बंगळुरूहून एका गृहस्थांचा फोन आला. मूळचे नागपूरचे निघाले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, कपाट कशाचं आहे?" सागवान आणि प्लाय, मी म्हटलं. ते म्हणाले, "लाकडातून वाफ सुटते ना, ती आत कोंडते आणि हळूहळू शिसं खाते. कपाट जितकं घट्ट, तितकं वाईट." मी उपाय विचारला. "गेले ते गेले. बाकीचे बाहेर काढा, स्वच्छ पाण्याने धुवा, वाळवा, प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. पण आतून सुरू झालं असेल तर ते थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवतो." त्यांना मी रबराच्या पट्टीबद्दल काही बोलले नाही. तुम्हालाही हे कळायला नको होतं, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

रविवारची सकाळ आठवते. स्वयंपाकघरात एका शेगडीवर आईचा कुकर आणि दुसरीवर तुमची लोखंडी पळी. पळीत ऐशबागच्या कबाड्याकडून आणलेलं शिसं वितळतं आहे. तुम्ही रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात पुलांचे नकाशे तपासता, पण या वेळी तुमच्या चेहऱ्यावर जे असतं ते ऑफिसला जाताना कधी नसतं. आई नाकाला पदर लावून म्हणते, "अहो, हे विष आहे. पोरीला तरी बाहेर काढा." तुम्ही मला खिडकीपाशी उभं करता आणि प्लास्टरच्या साच्यात धार सोडता. शिसं पाण्यासारखं चमकतं आणि बघता बघता त्याची चमक विझते. साचा उघडला की आत भालाईत. आईने पुढच्याच महिन्यात तुमची शेगडी गच्चीवर नेऊन ठेवली, आणि स्वतःची एक पातेलीही तिथे टाकली, कारण तुम्ही त्यात शिसं ढवळलं होतं.

मला तुम्ही घोडे रंगवायला दिले होते. पेनापेक्षा बारीक ब्रश माझ्या वाढदिवसाला आणलात. मैत्रिणींना बाहुल्या मिळायच्या, त्यामुळे मी तो शाळेत कुणाला दाखवला नाही. आठवडाभर बसून मी सगळी पागा एकाच तपकिरी रंगात रंगवून काढली. तुम्ही एकेक घोडा उजेडात धरून पाहिलात आणि म्हणालात, "हे खेळण्यातले घोडे झाले. खरे घोडे कुठून कुठून आलेले असतात. कुणी विकत घेतलेला, कुणी लुटीतला, कुणी घरी वाढवलेला. पुन्हा कर." मला रडू आलं होतं. तुम्ही समजूत घातली नाहीत, टर्पेंटाइनची बाटली पुढे सरकवलीत.

दुपारी महानगर भागातून काका स्कूटरवर यायचे. तुमचे मित्र, एअर फोर्समधले, आपल्याच साताऱ्याकडचे, आणि लखनौत तुमच्याशी मराठीत भांडणारे एकटेच. या खेळाच्या नियमांचं पुस्तक त्यांनीच परदेशातल्या ट्रेनिंगहून आणलं होतं. जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर, फूटपट्टीने मोजून पलटणी पुढे सरकवायच्या आणि फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. ते अफगाण घेत, अवधच्या नवाबाच्या फौजेसकट, आणि "लखनौचं मीठ खातो रे मी" म्हणून हसत. तुम्ही कायम मराठे. आणि तुम्ही कायम हरायचात. त्याचं कारण मला लहानपणीही दिसत होतं. पुस्तकात नसलेली माणसं तुम्ही स्वतः घडवली होती: बायका, पोरं, यात्रेकरू, आचारी, बैल हाकणारे. फौजेबरोबर गेलेले बुणगे. त्यांच्याभोवती तुम्ही निम्मे घोडेस्वार उभे करायचात आणि ते तिथून हलवायचा नाहीत.

"सोड ना त्यांना," काका वैतागून म्हणायचे. "खेळात त्यांचा काय उपयोग? मोकळा हो, आज जिंकशील."

"ते तिथे होते," तुम्ही म्हणायचात.

"अरे, मग निदान रसद पोचली असं धरू. तेवढी सूट देतो."

"नको. तुझी चाल आहे."

निवृत्त होऊन काका पुण्याला निघाले, तेव्हा तुम्ही त्यांना सगळे अफगाण लोखंडी ट्रंकेत भरून देऊन टाकलेत. तुम्हीच ओतलेले, तुम्हीच रंगवलेले, उंटांवरच्या छोट्या तोफांसकट. आई म्हणाली, "मग तुम्ही कुणाशी खेळणार?" तुम्ही म्हणालात, "त्याला तिकडे कोणीतरी मिळेल. इथे मला कोण मिळणार आहे?" त्यानंतरही तुम्ही रविवारी चादर अंथरायचात. समोरच्या बाजूला काही नसायचं. मी लग्न होऊन विकास नगरला गेले होते. कधी आले की तुम्ही फौज मांडून पेपर वाचत बसलेले दिसायचात, आणि मी चहा ठेवायला आत जायचे.

कपाट उघडल्यावर मी पुण्याला फोन केला. काका तर तुमच्याआधीच गेले. त्यांच्या सुनेने उचलला. मला वाटलं होतं, निदान त्या बाजूची फौज लोखंडी ट्रंकेत आहे, लाकडात नाही, ती वाचली असेल. ती चांगली बोलली. म्हणाली, "हो हो, ती ट्रंक ना? सोसायटी पाडली तेव्हा आम्ही भाड्याच्या घरात गेलो. फार जड होती हो. भंगारवाल्याला दिली. तुमच्या वडिलांची होती हे माहीत असतं तर कळवलं असतं." मी म्हटलं, काही हरकत नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तिने ते एकदाही सैनिक म्हटलं नव्हतं, आणि तिला तरी मी काय म्हणून सांगितलं असतं?

मग धुवायला बसले. गच्चीच्या दाराशी, हातमोजे घालून, त्या गृहस्थांच्या सगळ्या सूचना पाळून. घोडेस्वारांतले थोडे ठीक होते. तोफा बऱ्याच गेल्या. खालच्या खणात बुणगे होते. त्यांना रंग द्यायचं तुम्ही पुढे ढकलत आला होता, "यांचे कपडे कसे असतील ते नीट कळल्यावर" म्हणून. रंगाचं पांघरूण नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांच्या आधी गेले. खणात पांढरा थर होता आणि त्यात कुठे बैलाचं शिंग, कुठे डोक्यावरचं गाठोडं. एकही पूर्ण माणूस नाही. बाबा, तुम्ही ज्यांच्यापायी दर रविवारी हरलात, त्यांच्यातलं कुणी राहिलं नाही.

लेकाला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो गुरुग्रामला असतो. मी मराठीत बोलते, तो हिंदीत उत्तर देतो, आमचं तसंच चालतं. "अरे मम्मा, टेन्शन मत लो. जो बचे हैं उनका स्कैन करवा लेंगे, थ्री-डी प्रिंट में पूरी आर्मी बन जाएगी. नानाजी वाली से भी अच्छी." तो मनापासून म्हणत होता. मी विचारलं, "आणि खेळणार कोण?" "हाँ, वो तो है," म्हणाला. मग त्याला मीटिंग होती.

दिवाळीपर्यंत धुतलेल्यांतल्या निम्म्यांवर पुन्हा पांढरं आलं. नागपूरचे गृहस्थ म्हणाले होते तसंच. भुकटी झालेले सगळे मी रंगाच्या एका रिकाम्या डब्यात भरून झाकण ठोकून बसवलं आहे. कामवाली म्हणाली, "दीदी, गोमती जी में डाल आओ." पण शिसं पाण्यात जाऊ द्यायचं नाही. कचऱ्याच्या गाडीत टाकवत नाही, कबाड्याला द्यायचं तर तो ओतणार आणि विकणार. डबा गच्चीवर आहे. माझ्यानंतर तो उचलणाऱ्याला आत काय आहे ते कळायचं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा एक सांगूनच टाकते. उरलेल्यांतल्या एका घोडेस्वाराचा चेहरा झडला होता, तो मी परवा पुन्हा रंगवायला घेतला. तो टिकणार नाही हे मला ठाऊक आहे. भिंग लावलं, दिवा जवळ ओढला, पण माझा हात आता हलतो आणि डोळ्याच्या बाहुलीचा ठिपका काही केल्या जागेवर बसेना. दोनदा पुसलं. शेवटी त्याच्या दोन्ही पापण्यांवर एकेक तपकिरी रेघ ओढली आणि तो डोळे मिटून घोड्यावर बसला आहे असं करून टाकलं. लांबून कळत नाही.