आश्विनातली खाडी गोजरबाईच्या नावे

मी, विश्वंभर रामकिशन पायघन, वय ७४, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार साखरा, ता. सेनगाव, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. कोणी धमकावलेले नाही. धमकावू शकणारा धाकटा भाऊ ज्ञानबा सध्या माझ्याशी बोलत नाही.

१. साखरा येथील माझ्या वाट्याची जमीन व राहते घर मुलगा विजयकुमार यास. हळद त्यानेच पिकवली, मी नुसते सल्ले दिले. घरात त्याच्या आईचा राहण्याचा हक्क ती हयात असेपर्यंत राहील.

२. बँकेतील ठेव मुलगी प्रतिक्षा हिला.

३. रत्नागिरी जिल्ह्यात खारवाडी येथे खाडीकाठी माझी कौलारू खोली आहे. नोकरीची बहुतेक वर्षे तिथे गेली. ती माझ्या कमाईची असून पत्नी गोजरबाई हिला पूर्ण मालकीने देतो. यावरून घरात कुरबुर होणार, म्हणून कारण लिहून ठेवतो.

पहिल्याच वर्षी घटस्थापनेआधी, आपल्याकडे कयाधू नदीवर करतात तशा, तिने घरातल्या सगळ्या वाकळा धुऊन खाडीच्या कोरड्या वाळूवर पसरल्या. आमच्याकडच्या नदीचे पाणी एकदा ओसरले की पुढच्या पावसाळ्यापर्यंत फिरकत नाही. जेवून परतलो तर भरती चढलेली आणि वाकळा प्रवासाला निघालेल्या. शेजारच्या शेवंता खडपे कमरेएवढ्या पाण्यात शिरून त्या ओढत होत्या आणि पोट धरून हसत होत्या. तेव्हापासून दोघी मैत्रिणी. त्यांनीच गोजरबाईला गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, शिकवले.

भाद्रपदात खाडीत पावसाचे गढूळ पाणी असते. आश्विनात ते नितळते आणि पुन्हा खारट होते. अष्टमीच्या सुमाराला भरती संथ चढते, कोळंबीमागे तांबोशी मासळी खडकाशी येते. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा पहाटेचा मतलई वारा मी भूगोलात शिकवला. तो गालाला लागला की गोजरबाई गरी घेऊन निघत असे. साखऱ्यात तिच्यामागे सासू, दीर, गुरे, हळद. तिथे पाण्याकडे बघत ती एकटी बसे आणि तिचा चेहरा मोकळा होई. ती मला तिथे फार आवडे. हे तिला कधी बोललो नाही, म्हणून इथे नोंदवतो.

निवृत्तीनंतर दर आश्विनात आम्ही जात होतो. यंदा डॉक्टर म्हणाले, प्रवास जपून करा. विजयकुमारने त्याचा अर्थ ‘बंद’ असा लावला. तेव्हापासून ती सकाळी ओट्यावर बसून म्हणते, ‘आता पाणी नितळलं आसंल.’ मी गेल्यावर तिला कोणी जाऊ देणार नाही, ही माझी खरी भीती आहे.

४. म्हणून अट अशी की, विजयकुमारने दर आश्विनात आईला खारवाडीस नेऊन सोडावे व ‘कधी येतेस’ म्हणून फोन करू नये. न नेल्यास हळदीचे वावर प्रतिक्षाला जाईल.

५. ज्ञानबाने हट्टा गावच्या एका लग्नात चारचौघांत विचारले होते, ‘वैनी, आता मासे इकायला बसता व्हय?’ त्यास काही नाही. तेराव्याला मात्र पोटभर वाढावे. खाताना तो बोलत नाही.

६. गऱ्या, दोऱ्या व शिशाचे तुकडे असलेली माझी पिशवी प्रतिक्षाला.

वरील मजकूर साक्षीदारांसमोर गोजरबाईस वाचून दाखवला. ती म्हणाली, ‘खोली माझी केली ना? मंग पोराला काहून तकलीफ? आन त्याच्या वावराला काहून हात लावता? म्या माझी जाईन.’ सबब कलम ४ रद्द.

साक्षीदारांना दाखवायला कलम ६ मधील पिशवी शोधली, ती जागेवर नव्हती. गोजरबाईने सकाळीच ती आपल्या लुगड्यांसोबत बांधून ठेवली होती. विचारले तर म्हणाली, ‘तुमच्या मरायची वाट काहून पाहू? आश्विन सरत येऊन राहिला. तुमी खुर्ची टाकून बसा, म्या गरवते.’

सबब कलम ६ ही रद्द. बाकी मजकूर कायम. उद्याच्या गाडीने आम्ही दोघे खारवाडीस निघत आहोत. विजयकुमारला गाडीत बसल्यावर कळवू.

लिहून देणार : विश्वंभर रामकिशन पायघन (सही)

साक्षीदार :
१. वैजनाथ मारोतराव गिते, रा. साखरा (सही)
२. फुलसिंग धनसिंग राठोड, रा. साखरा (सही)

स्थळ : साखरा
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५