चाळीस मिनिटांची पाटी

६ सप्टेंबर

चि. ढांग्यास,
अ. उ. आ. वि. वि.

पार्सल पोचलं. दरवर्षीप्रमाणे वनखात्याच्या गणवेशाच्या दोन पँटी आणि एका ओळीची चिठ्ठी. जंगलात शब्दांचा एवढा तुटवडा आहे हे ठाऊक नव्हतं. असो, पँटी पुढच्या आठवड्यात नीट करून पाठवते.

आता माझी बातमी. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं आहे. सहा महिने झाले, सकाळी दुकान उघडण्याआधी इस्त्रीवालीबरोबर तळ्याला तीन फेऱ्या मारते. ती पहिल्या फेरीत दमते आणि मी उरलेल्या दोन फेऱ्या तिला ऐकवत फिरते. तेव्हा ठरवलं आहे, ऑक्टोबरात तुझ्याकडे येते आणि ते शिखर एकदाचं बघते.

आठवतं ना? मी अकरा वर्षांची, तू आठ. फक्त दहा मिनिटं राहिली असं सांगून तू जो सुटलास तो दिसेनासा झालास. तू कुठे पडशील म्हणून बाबा तुझ्यामागे धावले आणि मला एका दगडावर बसवून गेले. तुम्ही दोघं वरून पलीकडचं तळं आणि काय काय पाहिलं ते सांगत उतरलात आणि मी दगड पाहून परत आले. नाव ढांग्या उगीच नाही पडलं तुझं. अठ्ठेचाळीस वर्षं झाली, तो दगड मला अजून टोचतो.

कोणत्या तारखेला येऊ ते कळव. लोभ दोन इंच वाढवूनच धर, नंतर आटतो.

तुझी,
ताई


१४ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. तू जरूर ये, पण शिखराचं यंदा जमेलसं वाटत नाही. ओढ्यावरच्या पुलाची फळी मोडली आहे. वाटेवरच्या तिसऱ्या पाटीपाशी मधमाश्यांचं भलंमोठं पोळं आहे. शिवाय ऑक्टोबरात वर इतकं धुकं असतं की स्वतःचे बूट दिसत नाहीत. त्यापेक्षा खालच्या बागेत बाकं आहेत, तिथे बसू.

इथे सध्या धांदल आहे. गेल्या शनिवारी शाळेची ऐंशी मुलं शिखरावर जाऊन आली, त्यांचा गोंगाट अजून कानात आहे. नवे साहेब आले आहेत, तरुण आणि हातात सतत घड्याळ. पाट्यांवरच्या वेळा चुकीच्या आहेत अशा तक्रारी गेल्या म्हणे. पायथ्याच्या पाटीवर 'शिखर : ४० मिनिटे' लिहिलं आहे, ते मी सव्विसाव्या वर्षी स्वतः चालून मोजलं होतं. दरवर्षी मीच रंगवतो. लोकच हल्ली हळू चालतात, त्याला पाटी काय करणार?

तब्येतीला जप. रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठवणं थांबवू नकोस.

तुझा,
ढांग्या


२१ सप्टेंबर

चि. ढांग्यास,
अ. उ. आ. वि. वि.

ऐंशी मुलं मोडक्या फळीवरून, मधमाश्यांमधून, सुखरूप वर जाऊन आली याचं कौतुक वाटलं. तुला लहानपणीही खोटं बोलता येत नसे. एका थापेवर थांबायचं असतं, तू तिला दोन बहिणी जोडतोस.

तुझ्या पँटी काल टेबलावर पसरल्या. तीस वर्षं मी त्या शिवते आहे. दरवर्षी घोट्यापाशी मोहरी चिंध्या होऊन येते, पोटऱ्यांपाशी काट्यांनी फाडलेलं असतं, आणि बैठक मात्र नवी कोरी, कारण तू कधी बुड टेकत नाहीस. यंदा मोहरी जशीच्या तशी. काट्याचा एक ओरखडा नाही. आणि बैठक अशी झिजली आहे की पलीकडची खिडकी दिसते. उजव्या गुडघ्यावर एक मोठं फाटलेलं, ते कोणीतरी पांढऱ्या दोऱ्याने ओबडधोबड शिवलेलं. तो कोणीतरी तू आहेस, टाके ओळखले मी.

दुसरं ऐक. बँकेतल्या बाई ब्लाउज घ्यायला आल्या होत्या, त्या महिन्यापूर्वी तुझ्याच डोंगरावर गेल्या होत्या. त्या सांगत होत्या की तिसऱ्या पाटीपर्यंत रंग चकचकीत आणि चौथीपासून पुढे अक्षरं वाचताही येत नाहीत.

तू या वर्षी तिसऱ्या पाटीच्या वर गेलेला नाहीस. काय झालं आहे? खरं लिही. चिडणार नाही, किंवा थोडीच चिडेन.

वाट पाहणारी,
ताई


२९ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडे पँटी पाठवण्यापेक्षा तुझ्या वहिनीकडे दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जानेवारीत चौथ्या पाटीच्या वर, शेवटच्या वळणाच्या अलीकडे, माझा पाय घसरला. एका झाडाला अडकलो म्हणून वाचलो. चार तास तसाच होतो, मग लाकूडतोडे आले. गुडघा कधीच बरा झाला, डॉक्टर म्हणतात काही दोष नाही. पण तिसरी पाटी आली की मी मागे फिरतो. वर जाणारे लोक बरोबर चला म्हणतात, तेव्हा मी रंगाचा डबा उघडून कामात असल्यासारखं करतो. हे घरात कोणाला सांगितलेलं नाही. छपन्नाव्या वर्षी, एवढ्या मोठ्या ढांगांचा माणूस, कोणत्या तोंडाने सांगू?

वीस ऑक्टोबरला साहेब येणार आहेत. त्यांना घेऊन मी शिखरापर्यंत चालायचं आणि वेळ तपासायची. नाही जमलं तर निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं शहरातल्या कोठारात, खुर्चीवर. ताई, मी तिथे वेडा होईन.

तू येऊ नकोस. तुला पुन्हा त्याच दगडावर बसवायचं माझ्या जिवावर येतं.

तुझाच,
ढांग्या


३ ऑक्टोबर

चि. ढांग्यास,
अ. उ. आ. वि. वि.

बारा तारखेला सकाळच्या गाडीने येते आहे. दुकानाला कुलूप, इस्त्रीवालीला किल्ली.

तुझी पाटी चुकली आहे आणि ती तूच नव्याने मोजणार आहेस, पण माझ्या चालीने. कपडा घालणाऱ्याच्या अंगावर बघून बेततात, शिंप्याच्या अंगावर नाही. पँटींच्या गुडघ्यांना आतून दुहेरी अस्तर लावलं आहे. उकडलेली अंडी मी आणते, घड्याळ तू आण. आणि वहिनीला आजच सांग, नाहीतर मी सांगेन.

तुझी,
ताई


२४ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं कळलं. त्या दिवशी वर जे बोलता आलं नाही, ते लिहितो.

चौथ्या पाटीपुढे माझे पाय थांबले, तेव्हा मी तुला पुढे जायला सांगितलं. फक्त दहा मिनिटं राहिली, असंच म्हणालो. तू वळणापर्यंत गेलीस. तिथून एक पाऊल टाकलं असतंस तर शिखर दिसलं असतं. पण तू त्याच्याकडे पाठ करून बसलीस आणि अंडं सोलायला घेतलंस. इतकी वर्षं थांबलेलं शिखर अर्धा तास आणखी थांबेल, असं वरूनच ओरडून सांगितलंस. ती पन्नास पावलं मी हातापायांवर आलो. तू एकदाही माझ्याकडे पाहिलं नाहीस, सगळा वेळ अंड्याकडे बघत होतीस. पाहिलं असतंस तर मी लाजेने तिथेच बसलो असतो.

आठ वर्षांचा असताना मी एकदाही मागे वळलो नव्हतो. चुकलं माझं, ताई. सांगायला फार उशीर झाला.

साहेबांचं उरकलं. वळणावर पावलं लहान झाली, पण थांबली नाहीत. आपल्याला तीन तास दहा मिनिटं लागली होती, साहेबांना तीन तास पंचवीस. तीन वेळा बसले आणि घड्याळ खिशात ठेवून दिलं. कोठार टळलं. पायथ्याशी नवी पाटी लावली आहे : 'शिखर : ३ तास १० मिनिटे. मागच्याची वाट पाहावी.' खालची ओळ कोणाच्या हुकुमाने, असं साहेबांनी वरून उतरल्यावर विचारलं. मी म्हणालो, या वाटेचा हा सगळ्यात जुना नियम, लिहायचा तेवढा राहिला होता. दिवसभर तेच मागे होते, त्यामुळे हरकत घेतली नाही.

जुनी पाटी तुला पाठवतो आहे. तिच्यावर आणि माझ्यावर माया राहू दे.

तुझा,
ढांग्या


९ मार्च

चि. ढांग्यास,
अ. उ. आ. वि. वि.

'४० मिनिटे' दुकानात टेबलाच्या वर टांगली आहे. ब्लाउज कधी मिळेल असं कोणी विचारलं की नुसतं बोट दाखवते. बँकेतल्या बाई पाटी ओळखून हसल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्या.

शिखराबद्दल लिहायचं राहिलंच. छान आहे, पण तुझ्या वर्णनावरून मला ते पलीकडचं तळं मोठं वाटलं होतं. वरून शर्टाच्या बटणाएवढं दिसतं. अठ्ठेचाळीस वर्षं मला फसवलंस.

आज पार्सल आलं, या वेळी सहा महिन्यांतच. मोहरीच्या चिंध्या झाल्या आहेत. डाव्या पायावर काट्यांनी सात ठिकाणी फाडलं आहे, उजव्यावर मोजलं नाही. बैठक अगदी नवी. शिवायला बसले, पण सुईत दोराच ओवता येईना. शेवटी इस्त्रीवालीकडून ओवून घेतला. तिला सांगितलं की दुकानात उजेड कमी आहे.

अशाच फाडत राहा. शिवायला मी आहे.

तुझी,
ताई