उजव्या हाताचं अस्तर

१९ डिसेंबर, दुपारची सुट्टी

प्रिय ताई,

आम्ही बरे आहोत. आईचा खोकला गेला, जिन्यातला दिवा लागला, थंडी मरणाची आहे. झालं, खुशाली संपली.

तुझं चार ओळींचं पत्र पोचलं. "तू गप्प राहा, हळूहळू सगळं निवळेल." वाचून माझं डोकं फिरलं.

परवा साहेबांनी मला तुझ्या खुर्चीत बसवलं. घरोघर मोटारसायकलवरून जाणाऱ्या आपल्या अकरा नर्सेससाठी हिवाळ्याचे नवे हातमोजे आता मी निवडायचे. "बहिणीसारखा घोळ घालू नका," म्हणाले. मी "हो" म्हटलं. वाच नीट, मी हो म्हटलं.

नमुन्याचे चार जोड आलेत. बादलीत बुडवून पाहिले. एकात मिनिटभरात पाणी शिरलं. दुसरा ऊबदार, पण इतका जाडजूड की ब्रेक दाबलाय की नाही ते बोटांना कळत नाही. तिसरा मनगटाशी आखूड, जाकिटाच्या बाहीवरून ओघळलेलं पाणी थेट आत. हे सगळं बघायचं मला सुचलं ते तुझ्या जुन्या फॉर्ममुळे. बारा प्रश्न. नववा असा होता : ओल्या हाताने दहा वेळा घालून-काढून पाहिले का? अस्तर बाहेर येते का?

त्या अकरा जणींतली, दारातून वाकून आत येणारी आपली चिमणी काल ऑफिसात आली होती. उजवा हात खिशातच. तिने सगळ्यांना पुन्हा सांगितलं. नोव्हेंबरच्या त्या पावसात पहिल्या घरी इंजेक्शन द्यायला तिने हातमोजा काढला, तर ओल्या हाताबरोबर आतलं अस्तरच उलटं होऊन बाहेर आलं. परत बोटं आत जाईनात. पुढचा पेशंट वाट बघत होता, म्हणून ती उघड्या हाताने निघाली. वळणावर ब्रेक दाबायला गेली तर गारठलेली बोटं मिटलीच नाहीत, आणि गाडी उजव्या हातावर आडवी झाली. आता त्या हातात सुई धरता येत नाही तिला.

"ताईंनी एकदा तरी कुणाला घालून बघायला सांगायचं होतं," ती म्हणाली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी फाईल चाळत बसले.

राजीनाम्यात लिहिलंस, "निवड माझी, चूक माझी." आणि त्या हातमोज्यांचा भरलेला फॉर्म फाईलमधून काढून घेऊन गेलीस. कुणी सांगितलं होतं तुला? शाळेतली काच मी फोडली आणि अंगठे धरून तू उभी राहिलीस, तेव्हा मी सात वर्षांची होते. आता चौतीस संपतील. मला विचारायचंस तरी.

तो फॉर्म मी भरला होता. ऑगस्टमध्ये, घामाच्या धारा लागलेल्या असताना, कॅन्टीनमध्ये, चहा निवेपर्यंत. तू म्हणाली होतीस, आठवडाभर गाडीवर वापर, मग लिही. मी तो जोड पिशवीतून बाहेरसुद्धा काढला नाही. बाराच्या बारा "हो". तू माझ्या शब्दावर सही केलीस.

आज सकाळी चिमणीच्या घरी जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "ताईंना मी पत्रातून काय काय बोललेय, ठाऊक आहे तुला?" मला ठाऊक नव्हतं. तेही तू गिळून बसलीस. "जा तू आता," म्हणाली, आणि डाव्या हाताने दार लावून घेतलं.

तिथून थेट साहेबांकडे गेले. लेखी दिलंय. सोमवारी ठरवतील, बहुधा नोकरी जाईल. चौथ्या जोडाचं अस्तर बोटांच्या टोकाला पक्कं शिवलेलं आहे, दहा वेळा काढून-घालून पाहिलं, तो घ्या, एवढं लिहून खुर्ची सोडली.

साहेबांना पुरावा हवाय. फॉर्म सोमवारच्या आत पाठव. नाही पाठवलास तर मी येईन, आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशी तुझ्या दारात भांडेन.

तुझं यापुढे न ऐकणारी,
धाकटी